रॅकेटीचा कौल

गुरुवारी सकाळी बोटीतून उतरून गुरुदास घरी आला तेव्हा जानकी घटाला हळदकुंकू वाहत होती. मार्गशीर्षातला गुरुवार, तिचा उपास. भावाला तिने खुणेनेच बस म्हणून सांगितलं. गुरुदासने काखेतलं लांबट पुडकं सोडलं, त्यातून दोन रॅकेटी निघाल्या. नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे, हा जानकीचा रिवाज. तिने दोन्ही रॅकेटी उचलून घटाशेजारी ठेवल्या, दोघींना बोटबोट कुंकू लावलं आणि पोथी वाचायला घेतली.

पोथी संपेपर्यंत तिचा नवरा हरिश्चंद्र ओट्यावर अधीर होऊन येरझाऱ्या घालत होता. तो मालवणच्या मामलेदार कचेरीत कारकून. कचेरीमागे समुद्राच्या बाजूला क्लबाचं बॅडमिंटनचं मैदान होतं, आणि तिथे हरिश्चंद्राचं काम गुण पुकारायचं आणि लांब गेलेलं पिसांचं फूल शोधून आणायचं. खेळायला त्याला कोणी नको म्हटलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. पण यंदा दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली आणि मामलेदारसाहेबांचा जोडीदार गेला. सावंतवाडीकरांबरोबरचा वार्षिक सामना रविवारवर आला होता. साहेबांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं होतं, "रविवारी तुम्ही उतरा. जमलं तर कायमचे तुम्हीच. नाही जमलं तर गुरांचे डॉक्टर आहेतच."

गुरांचे डॉक्टर आहेतच, हे शब्द हरिश्चंद्राच्या जेवणात खड्यासारखे येत होते. मुंबईत खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरीला असलेल्या मेव्हण्याला त्याने तातडीने निरोप धाडला होता, तो यासाठीच.

"भावजी, नीट ऐका," पोथी संपताच दोन्ही रॅकेटी ओट्यावर आणून गुरुदास म्हणाला. "दोन्ही काट्यावर घातल्यात तर सारख्याच भरतील. पण हिचा वजन डोक्यात आसा, आणि हिचा मुठीत. हातात धरून काय्येक कळूचा नाय. फिरवून बघूक व्हया."

"मगे बरी खंयची?"

"तां तुमच्या खेळावर. धोपटून मारणाऱ्याक डोक्यात जड बरी. झोक घेता, फूल लांब जाता. पुढे उभो रवान चटाचट टोलवणाऱ्याक हलकी बरी. तुमचो खेळ कसो?"

हरिश्चंद्राने दोन्ही रॅकेटींकडे पाहिलं. आपला खेळ कसा आहे हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मधलो," तो शेवटी म्हणाला.

"मधली मी आणूक नाय," गुरुदास म्हणाला. "आणि एक शनिवारच्या बोटीन परत नेवची आसा. मालकाक सांगून आणलंय."

हरिश्चंद्राने डोक्यात जड असलेली उचलून ओट्यावर फिरवली. हात थांबला तरी रॅकेट थांबली नाही. तुळईला टांगलेला कंदील तिने घेतला, काच अंगणात गेली. मग त्याने हलकी फिरवली. ती इतक्या लवकर आली की त्याच्याच गुडघ्यावर बसली.

"दोनय बऱ्यो आसत," तो गुडघा चोळत म्हणाला.

"तात बघा," गुरुदास विणीवर नखाने टिचकी मारत म्हणाला. "अस्सल मेंढराच्या आतड्याची. वाजता कशी बघा, सतारीसारखी."

आत पोथी फडक्यात गुंडाळत असलेल्या जानकीचा हात थांबला. तिने घटाकडे पाहिलं, कुंकू लावलेल्या रॅकेटींकडे पाहिलं, आणि भावाकडे पाहिलं. मग ती उठली, फडक्याने धरून दोन्ही रॅकेटी पडवीतल्या खुंटीला नेऊन अडकवल्या, आणि परत आंघोळीला गेली. गुरुदासला त्या दिवशी उपासाचं काही वाढलं गेलं नाही. त्याला पेज मिळाली.

शुक्रवारी कचेरीत हरिश्चंद्राने चौकशी केली. साहेब म्हणाले, डोक्यात जड घ्या, मागून कोणीतरी जोरात मारणारा हवा. अव्वल कारकून म्हणाले, हलकी घ्या, तुमच्या मनगटाला फायलींची सवय. गुरांच्या डॉक्टरांना त्याने विचारलं नव्हतं, तरी ते टेबलाशी आले.

"बैल निवडताना आम्ही आधी शेत बघतो," ते म्हणाले. "तुम्ही आधी खेळ शिका, मग रॅकेट बघा. रविवारनंतर वेळच वेळ असेल तुम्हाला."

संध्याकाळी हरिश्चंद्र घरी आला तो ठरवूनच.

"गो, आता देवाकच विचार," तो जानकीला म्हणाला. "आबा गुरवाक सांग कौल लावूक. उजवी कळी पडली तर जड, डावी पडली तर हलकी. ध्यानात रवात मां?"

"रवात," जानकी म्हणाली. "पण आतडी घेवन मी देवळात जावचंय नाय."

"देवाक वर्साक कोंबो चलता, आणि आतडी चलाची नाय?"

"देवाक चलता. माका नाय."

ती रिकाम्या हातीच गेली. तसा एक नारळ आणि पानाचा विडा होता. देवळात आबा गुरव एकटाच समई पुसत होता. जानकीने त्याला काय विचारायचं ते हळू आवाजात सांगितलं. देवापुढे घालायचं आबाचं गाऱ्हाणं एरवी बंदरापर्यंत ऐकू जाई. आज तिने त्याला तेही तोंडातल्या तोंडात घालायला लावलं. आबाने पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि दोघं हात जोडून उभी राहिली. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी सरकली, थोडी अडली, आणि पडली.

"स्पष्ट आसा," आबा म्हणाला.

"स्पष्ट आसा," जानकीही म्हणाली. अंगाऱ्याची पुडी घेऊन ती घरी आली.

"काय झाला?" हरिश्चंद्राने दारातच विचारलं.

"डावी पडली."

"म्हणजे हलकी. माका वाटलाच होता," हरिश्चंद्र म्हणाला. त्याला तसं काही वाटलेलं नव्हतं, पण आता वाटू लागलं. शनिवारी सकाळी गुरुदास डोक्यात जड रॅकेट घेऊन बोटीत बसला. जाताना म्हणाला, "भावजी, हलकी आसा म्हणान जोर काढू नका. नुसता मनगट." हरिश्चंद्र धक्क्यावरून कचेरीपर्यंत मनगट फिरवत गेला.

तो गेल्यावर जानकीने खुंटीवरची रॅकेट काढली. देवाने सांगितलेलं देवाने सांगितलं, पण ही वस्तू उद्या अंगारा लावून घराबाहेर पडायची, तर ती आधी शुद्ध व्हायला हवी. तिने विहिरीचं पाणी ओढलं, त्यात गोमूत्र घातलं, रॅकेट आत बुडवली आणि पाठ होता तेवढा जप संपेपर्यंत बुडवूनच ठेवली. मग तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात उभी केली.

भिजलेली तात आधी फुगली, मग उन्हाने आवळली. जानकी भात वेळत होती तेव्हा अंगणातून ताड असा आवाज आला. मग दुसरा. ती बाहेर येईपर्यंत रॅकेटीची नुसती चौकट राहिली होती आणि तुळशीवर चार तुकडे लोंबत होते.

जानकीने तुकडे गोळा केले. मग तिने तुळशीला नमस्कार केला, पदर खोचला आणि रॅकेट घेऊन थेट किनाऱ्यावर गेली. तिथे लवू आपल्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता.

"लवू, ह्या विणून देशीत?"

लवूने रॅकेट उलटीसुलटी केली. "कसला जाळा ह्या, वहिनी? ह्येच्यात काय गावतला?"

"फूल."

लवूने विचार केला. "मगे घट्ट व्हया," तो म्हणाला.

त्याच्याकडे सालीच्या काढ्यात बुडवून काळं केलेलं जाड सूत होतं, मोठ्या माशांच्या जाळ्याचं. त्याने प्रत्येक भोकातून ते दोनदा घेतलं. सूत जिथे जिथे सुताला ओलांडत होतं तिथे गाठ मारली. जाळ्याला गाठ नसेल तर जाळं कसलं. वर कडेने एक फेरा जास्त घातला, उसवू नये म्हणून. काम संपल्यावर त्याने रॅकेट उचलून वाऱ्यावर फिरवून पाहिली आणि तोल जाऊन होडीला टेकला.

"वहिनी, जड झाली काय?"

"असांदे," जानकी म्हणाली. "पैसे घे, पण वर मासळी नको हां. आज माजो उपास."

घरी येऊन तिने खणाच्या कापडाची पिशवी शिवली, रॅकेट आत घातली, वर अंगारा टाकला आणि तोंड शिवून टाकलं. संध्याकाळी हरिश्चंद्राने हात लावला तर म्हणाली, "देवाचा आसा. मैदानात गेल्याशिवाय उघडू नका." हरिश्चंद्राने पिशवीलाच नमस्कार केला.

रविवारी चारच्या सुमाराला सावंतवाडीकर मोटारीतून उतरले. दोघेही पांढऱ्या कपड्यात, खांदे रुंद. मैदानाभोवती अर्धी कचेरी जमली होती. गुरांचे डॉक्टर कॅनव्हासचे बूट घालूनच आले होते, लागलंच तर असावेत म्हणून. हरिश्चंद्राने दातांनी शिवण उसवली, अंगारा कपाळाला लावला आणि रॅकेट बाहेर काढली.

ती काळी होती. तिला खाऱ्या मासळीचा वास येत होता.

"हे काय?" मामलेदारसाहेब म्हणाले.

"नवीन प्रकार आहे, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला. "मुंबईहून आलाय." त्याने जपून एकदा फिरवली. कालपर्यंत मुठीत असलेलं वजन सगळं डोक्यात जाऊन बसलं होतं. कंदील फोडणारी तरी बरी होती. ती आता बोटीतून मुंबईला पोचली असेल.

पहिलंच फूल त्याच्याकडे आलं. त्याने मनगट हलवलं. रॅकेट निघाली, पण फूल जमिनीला लागून थोडं घरंगळल्यावर ती तिथे पोचली. कोणीतरी खोकलं. दुसरं आलं, तेव्हा तो कसाबसा ती खांद्यापर्यंत उचलू शकला. डॉक्टर बुटाची नाडी आवळू लागले.

तिसरं उंच आलं तेव्हा हरिश्चंद्राने रॅकेट उचललीच नाही. दोन हातांनी छातीशी धरून तो नुसता बघत राहिला. फूल त्याच्या डोक्यावरून गेलं, समुद्राकडून आलेल्या वाऱ्यावर बसलं आणि रेषेच्या पलीकडे वीतभर जाऊन पडलं.

"बाहेर," गुण पुकारणारा म्हणाला.

मालवणकरांच्या पिढ्यांनी त्या मैदानावर आलेलं एकही फूल सोडलं नव्हतं. दारात आलेल्याला नुसतं कसं जाऊ द्यायचं, तसं अंगावर आलेलं ते मारायचंच. बदलून गेलेले डॉक्टर तर बाहेर जाणारी फुलंसुद्धा धावत जाऊन परत आणत. सावंतवाडीकर जोरात मारणारे, आणि त्यांच्याकडे डोंगराआड वारा नाही. इथे त्यांच्या पाठीमागे समुद्र आणि वारा होता. एकामागून एक फुलं हरिश्चंद्राच्या डोक्यावरून जाऊ लागली आणि तो एकामागून एक ती जाऊ देऊ लागला. काही आत पडली, तेवढे गुण गेले. पण बहुतेक बाहेर गेली.

"काय नजर आहे," साहेब पुटपुटले.

दुसऱ्या डावाला बाजू बदलल्या. आता सावंतवाडीकरांच्या तोंडावर वारा. त्यांनी कितीही मारलं तरी फूल जाळीपाशीच मरून पडे, आणि जाळीपाशी साहेब उभे होते. मागे हरिश्चंद्राला पावलंही हलवावी लागली नाहीत. सुरुवात करायची वेळ आली की तो नुसती रॅकेट फुलाला टेकवी. जड असल्यामुळे पुढचं तीच बघे.

मालवणने सामना जिंकला तेव्हा त्याच्या कपाळावरचा अंगाराही जागचा हलला नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. "फूल केव्हा मारू नये ते माणसाला कळलं पाहिजे," ते म्हणाले. "आता जोडी कायमची." गुरांच्या डॉक्टरांनी बूट सोडले.

दिवेलागणीला हरिश्चंद्र पितळी पेला घेऊन घरी आला. जानकीने तो धुतला आणि देवापुढे ठेवला.

"गो," तो म्हणाला, "तात खंय गेली तां माका आता इचारूचा नाय. पण देव म्हणतत तो ह्येका. हलकी सांगल्यान आणि हलकी जड करून दिल्यान."

जानकी वात सारखी करत होती. "देवान हलकी सांगूक नाय," ती म्हणाली.

"म्हणजे? डावी पडली मां?"

"डावी पडली. पण मी रॅकेट विचारूकच नव्हती. देवाक त्यातला काय कळता? मी विचारलंय, रविवारी ह्यांनी फूल मारूचा काय नाय? उजवी तर मारूचा, डावी तर नको."

हरिश्चंद्र पाटावर बसला.

"आणि देवान नको सांगल्यान?"

"नकोच. आबाय म्हणालो, स्पष्ट आसा."

"मगे माका सांगूक नाय तां?"

"सांगलंय असता तर तुमी गेलास नसतास. आणि ते गुरांचे डॉक्टर." तिने निरांजन लावलं. "तुमका जावचा होता, देवाक मारूचा नको होता. दोघांचा रवला. तात मात्र मी तोडूक नाय हां. ती आपली तुटली."

हरिश्चंद्राने पेल्याला नमस्कार केला. मग तो जेवायला बसला.

सोमवारी सकाळी कचेरीचा शिपाई दारात आला. हातात साहेबांची विलायती रॅकेट होती, तात काढून टाकलेली.

"साहेबांनी सांगितलंय," तो म्हणाला, "तुमच्यासारखीच काळी विणून पाहिजे."

हरिश्चंद्राने चहाचा कप खाली ठेवला. पुढे साहेब उभे राहणार, मागे तो, आणि दोघांतलं कोणीच मारणार नाही. त्याने आत पाहिलं. सोमवारचा उपास म्हणून जानकी बेल निवडत होती.

"ठेवा थंय खुंटीक," ती शांतपणे म्हणाली. "लवूक मागसून सांगूया. आधी मी देवळात जावन येतंय. साहेबांचो कौल वेगळो लावूक व्हयो."