समुद्राचा सोयरा

आमच्या शिरपूरच्या ग्रामसभेत विषय नालीचा असो, दिव्याचा असो की मोकाट डुकरांचा, शेवटी गुलाबभाऊ उभे राहतात आणि विचारतात, "ते झालं समदं. पन समुद्राचं काय ठरलं?"

पहिल्यांदा सरपंचांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "भाऊ, इथं नळाले पानी नाई, अन् तुमी समुद्र काढून राह्यले!" आता ते आयत्या वेळच्या विषयांनंतर स्वतःच पुकारतात, "आयत्या वेळचा समुद्र. बोला गुलाबभाऊ." गावानं त्यांचं आडनावही बदलून टाकलंय. परवा नवा पोस्टमन माझ्या दारात येऊन खरोखरच विचारत होता, "समुद्रे कुठी राह्यतात?"

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे एवढं खात्रीनं सांगू शकतो.

गुलाबभाऊ माझे शेजारी. सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी. गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की हाक मारली तर मालेगावच्या वाटेवरची एसटी थांबावी. घरात एकटे. बायको मुलीच्या लहानपणीच गेली. मुलगी वंदना त्यांनीच वाढवली. तिची वेणी घालायला शिकले, शाळेत सोडायला गेले आणि मुलगी वर्गात गेली तरी बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "सावली चांगली हाये."

हीच वंदना शिक्षिका झाली आणि तिची नेमणूक झाली थेट रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर. तिथं तिनं महेश नावाचा मुलगा पसंत केला. घरची होडी, धंदा मासेमारीचा. माळकरी बापाला हे सांगायला ती घाबरत घाबरत आली. आता घरात रामायण होणार म्हणून मी कुंपणाशी उभा होतो. गुलाबभाऊंनी एकच प्रश्न विचारला.

"पोट्टा पोयते का?"

"हो बाबा, चांगला पोहतो."

"मंग ठीक हाये."

लग्न शिरपूरलाच झालं. कोकणची मंडळी वांग्याचं भरीत खाऊन घामाघूम झाली आणि खुशीत परत गेली. गुलाबभाऊ मात्र लेकीच्या गावाला गेलेच नाहीत. वंदना बोलवायची, हे म्हणायचे, "तूर उभी हाये." तूर निघाली की सोयाबीन उभं असायचं. ते निघालं की गाय गाभण असायची.

मग एक दिवस महेशचा फोन आला. सरकार समुद्राचा राष्ट्रीय आराखडा करतंय. कच्च्या नकाशात मोठ्या जहाजांची वाट कुठं, पवनचक्क्या कुठं, मासेमारी कुठं, हे सगळं रंगवलंय. त्यांच्या होड्या जिथं जातात तिथं दुसराच रंग पडलाय. तोच कायम झाला, तर आणखी खोल जावं लागेल.

गुलाबभाऊ वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, हितसंबंधी म्हंजे कोन?"

"ज्यांचा त्या गोष्टीशी संबंध आहे, ते सगळे. त्यांना विचारून आराखडा करणार आहेत."

"संबंधी म्हंजे सोयरे ना?"

"अगदी तसं नाही, पण…"

"तसंच हाये. पोरगी दिली, म्हंजे समुद्र माहा सोयरा झाला. आपला संबंध हाये!"

त्या दिवसापासून हे पालुपद सुरू झालं. चहाच्या टपरीवर, कारंज्याच्या बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत मानेवर वस्तरा असताना देखील, "संबंध हाये!" नकाशावरच्या रंगांचा अर्थही त्यांनी आपल्या परीनं लावला, शेताच्या बांधांसारखा. "समुद्राले धुरे घालून राह्यले, मास्तर! अरे बापा, इथं हातभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ एकमेकायच्या मयतीले जात नाईत. अन् ते तं पानी हाये. हालते!"

किनाऱ्यावर हितसंबंधींची बैठक आहे असं कळलं, तेव्हा पहिल्यांदाच तूर आडवी आली नाही. "भूगोल तुमचा, सोयरा माहा," असं म्हणून त्यांनी मलाही ओढलं. एसटीनं अकोला, मग रेल्वे, मग पुन्हा एसटी. सगळ्या प्रवासात मांडीवर तुरीच्या डाळीची थैली. खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, "व्याह्यायची हाये. पायाजवळ कशी ठेवू?"

व्याह्यांच्या अंगणात मासळी वाळत होती. माझा हात नाकाकडे गेला. माळकरी गुलाबभाऊंनी एक खोल श्वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाले, "वास हाये. पन आपल्याच मानसायचा हाये." विहीणबाईंनी त्यांच्यासाठी नवं पातेलं आणून वरण वेगळं शिजवलं होतं. ते पाहून हा माणूस, ज्याचा आवाज कधी कोणी थांबवू शकलं नाही, जेवणभर गप्प बसला.

बैठक तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये होती. बंदरवाले, हॉटेलवाले, मच्छीमार सोसायटीचे लोक, सगळे आपापल्या खुर्च्यांवर. अधिकारी बाई तरुण होत्या, बोलायला सौम्य. त्यांनी ओळख करून द्यायला सांगितलं. पाळी आली तसे गुलाबभाऊ उठले. "गुलाबराव, मुक्काम शिरपूर, जिल्हा वाशिम."

हॉलमध्ये हसू पसरलं. बाईही हसल्या. "काका, वाशिमला समुद्र कुठाय?"

"नाई ना, बाई. म्हनून तं इथं आलो!"

पुढं त्यांनी सूचना केली की भरतीचं एवढं पाणी येतं, तर बंधारा बांधून तिथंच का अडवत नाहीत. आता मात्र हॉल गडगडला. मच्छीमारांत बसलेला महेश जमिनीकडे बघू लागला. मी भूगोलाचा शिक्षक असल्याचं कोणाला कळू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत होतो. गुलाबभाऊ सगळ्यांबरोबर हसले, पण खाली बसले नाहीत.

"मले समुद्रातलं काई समजत नाई," ते म्हणाले. "एकच सांगा. या रंगापायी माह्या जवायाले किती दूर जा लागन?"

बाईंनी नकाशाकडे पाहिलं. म्हणाल्या, "आराखडा कच्चा आहे, काका. आज नक्की सांगता येणार नाही."

"ठीक हाये. मंग बायायले काहून नाई बोलावलं?"

"कुठल्या बायकांना?"

"घरच्या. नाव दूर गेली तं वाट त्यायलेच पाहा लागते. माही पोरगी हाये त्यात. तिचा संबंध नाई?"

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा मच्छीमार फक्त "खरं हाय" म्हणाला. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला आणि मच्छीमारांकडे वळून विचारलं, "तुमच्या गावात जागा कुठे आहे बसायला?"

"मासळीच्या वाळवणात," महेश म्हणाला.

आणि त्या खरंच आल्या, दुसऱ्याच दिवशी, चपला हातात घेऊन. गावच्या बायका आधी लाजल्या, नंतर अशा बोलल्या की बाईंना जेवायची वेळ राहिली नाही. रंग बदलेल की नाही, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. पण ती बैठक झाली.

त्याच दुपारी, पहाटे गेलेली महेशची होडी परत यायची होती. वारा वाढला होता. सुट्टीमुळे वंदना घरी होती, ती किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. मी गेलो तेव्हा गुलाबभाऊही तिथंच, तिच्यापासून थोडे लांब, पण समुद्राकडे पाठ करून उभे होते.

"भाऊ, एवढ्या लांबून आलात आणि समुद्राकडे पाठ?" मी म्हटलं. "बघा तरी!"

"नाई पाहावत, मास्तर," ते हळू म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी आजवर ऐकला नव्हता. "आल्यापासून एकदा पाह्यला. लई मोठा हाये. त्यात ती येवढुशी नाव मले सापडतच नाई. जीव घाबरते."

"मग इथं उभे कशाला?"

"पोरीच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. तिले बरोबर सापडते."

मीही मग तिकडेच पाहू लागलो. वंदना पदर कानामागे घट्ट धरून उभी होती. भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले. केसांच्या बटा उडत होत्या, पण ती हलत नव्हती. लाटांचा आवाज येत राहिला.

मग तिच्या भुवया सैल झाल्या.

"आली," गुलाबभाऊ म्हणाले, आणि वाळूत खाली बसले.