फडक्यातली शिंगं

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, कारण गोष्ट मरणाची आहे आणि मरणाची गोष्ट एकट्याने ऐकू नये. हसू आलं तर खुशाल हसा. ज्याची गोष्ट आहे तोही हसला असता, पाठ दुखत नसती तर.

धनुष्यं करणारा एक म्हातारा होता. लाकडाच्या पोटाला शिंग, पाठीला जनावराची सुकवलेली तांत, आणि सगळं धरून ठेवायला सरस. देवाने माणूसही काहीसा याच रीतीने जोडलाय, म्हणून म्हातारा हे काम पूजेसारखं करायचा. आता त्याचा स्वतःचाच सरस सुटत आला होता. डॉक्टर हल्ली जे काही सांगायचे ते दाराबाहेर, चपला घालताना सांगायचे. घरच्यांनी त्यावरून ओळखलं.

त्याची एकच इच्छा उरली होती. एकाच रेड्याच्या शिंगांच्या दोन लांब पट्ट्या त्याने आयुष्यभर जपल्या होत्या. त्यांचं धनुष्य लेकीने करायचं, म्हणजे बापामागे तिला कारागीर म्हणून कोणी नाकारणार नाही. पण शिंग चिकटवायचं ते थंडीत. उन्हाळ्यात सरस धरत नाही. तोवर जोडी टिकायला हवी. शिंगाला ऊन लागलं की वाकतं, कोरडं पडलं की तडकतं, आणि किड्याला तर ते मेजवानीच. म्हणून मेण चोळून, कापूर घालून, फडक्यात गुंडाळलेली जोडी कामाच्या खोलीतल्या पेटीत असे. फडकं सोडायचं नाही, हा घरचा दंडक.

अशात सेवेला बायकोचा भाऊ आला. माणूस सोन्यासारखा, फक्त हात स्वस्थ बसत नसत.

"ताई, घरात हा वास कसला गं?"

"धंद्याचा. तू चहा घे."

त्याने चहा घेतला. दुपारी घर डुलकीत असताना फडकं सोडलं आणि शिंगं गच्चीवर वाळत घातली. उन्हं उतरेपर्यंत पट्ट्या सुकलेल्या सालीसारख्या वळल्या. घाबरून त्याने त्या बादलीत भिजवल्या. मग फळीला बांधून सरळ कराव्या म्हटलं, तर दोरी सापडेना. खुंटीवरची तांत घेतली. ओली झाल्यावर तिला पुन्हा मांसाचा वास सुटला, आणि गल्लीतलं कुत्रं त्या वासावर जिना चढून आलं. कुत्र्याने फळी तेवढी मागे ठेवली.

लेक बाजारातून आली. रिकामी फळी पाहून तिथेच पायरीवर बसली.

"मामा, बाबांना कळलं तर आजच जातील रे."

"कळू कशाला द्यायचं? मी आहे ना."

"तू आहेस, तीच तर पंचाईत आहे."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मागितलंच. "जोडी आणा. एकदा हात फिरवतो."

मामा गेला आणि दोन काळ्या, गुळगुळीत पट्ट्या घेऊन आला. म्हाताऱ्याने अंगठा फिरवला, वास घेतला, एक टोक दाताखाली धरलं.

"हा कुठला रेडा?"

"चांगल्या घरचा होता, दाजी."

"पाणी भरायचा का?"

मोरीतली काळी प्लास्टिकची बादली दिसत नव्हती, हे तेव्हा कुठे लेकीच्या ध्यानात आलं. मामाने मान खाली घातली आणि कुत्र्यापर्यंतची सगळी हकीकत सांगून टाकली. म्हातारा हसायला गेला. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकल्याने त्याला बराच वेळ सोडलं नाही.

"पेटीतली जोडी दुसरीच, तडकलेली होती," तो शेवटी म्हणाला. "तू येतोयस कळलं, त्याच दिवशी खरी हलवली मी. तेव्हा उठता येत होतं."

"कुठं ठेवलीत, बाबा?"

"मी गेलो की सापडेल. आत्ता सांगितलं तर हा तिलाही ऊन दाखवेल." मग बायकोकडे वळून, "जरा पाठीला तेल लाव गं."

ही पाठदुखी वेगळीच होती. मूळ आजाराशी तिचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणत आणि दर खेपेला नवीन मलम देत. म्हातारी मुकाट्याने चोळत बसे. मामाने सगळं घर उलथंपालथं केलं. माळ्यावर धुळीशिवाय काही सापडलं नाही आणि मोरीत तर बादलीही नव्हती.

थंडी पडायच्या आत म्हातारा गेला. त्याला उचलल्यावर लेक गादी काढायला वाकली, तर गादीखाली फडक्यात दोन पट्ट्या. बाणासारख्या सरळ, ना किडा ना चीर. माणसाच्या वजनाखाली शिंग वाकत नाही. पण फडकं कोरं होतं, मेणही ताजं, कापराचा वास तर नुकता घातल्यासारखा. आणि म्हाताऱ्याला कित्येक महिन्यांत बसतासुद्धा येत नव्हतं.

लेकीने आईकडे पाहिलं.

"रोज चादर कोण बदलत होतं?" म्हातारी म्हणाली.

"आणि त्यांची पाठ दुखायची ती? का नाही काढलीस गं?"

"काढली होती एकदा. तर नुसते आढ्याकडे बघत पडून राहिले. पाणी मागेनात, बोलेनात. जोडी परत ठेवली, तेव्हा कुठे म्हणाले, तेल लाव."

ते धनुष्य झालं. थंडीत लेकीने शिंग चिकटवलं, तेव्हा बांधायचा दोर मामाने ओढून धरला. त्याचे हात तेवढा वेळ एका जागी राहिले. आज ते धनुष्य बघायला लोक लांबून येतात आणि म्हाताऱ्याचं नाव घेतात. घ्यावंच. पण रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेलाची वाटी घेऊन त्या खाटेशी बसलेल्या म्हातारीचीही आठवण ठेवा. तिचं नाव मला कोणी सांगितलं नाही.