वस्ताद काळूराम यांच्या पाठीची मान्यता

कुठलीही जुनी विद्या टिकवायची असेल तर आधी तिला मान्यता मिळवून द्यावी लागते. मान्यता येईपर्यंत विद्या शिल्लक राहिली नाही तरी चालतं. हा नियम विचुंब्याच्या तालमीला २०१४ साली लागू झाला. तोवर ती बिचारी कसलीही मान्यता नसताना पंचेचाळीस वर्षं चालली होती.

तालीम म्हणजे पत्र्याची शेड, कोनाड्यात मारुती, आणि ताक, तेल, हळद, लिंबू मुरवून केलेली लाल माती. तिचे वस्ताद काळूराम. वय छप्पन्न, मान जवळजवळ नाही, दोन्ही कान मोडलेले (हे कुस्तीतलं पदवी प्रमाणपत्र, ते लॅमिनेट करावं लागत नाही). १९७८ साली गव्हाणच्या जत्रेत एका पाहुण्या पैलवानाने त्यांची पाठ मातीला लावली होती. त्यानंतर ती पाठ कशालाच लागली नव्हती. कुस्तीत पाठ लागली की माणूस हरला, पुढे अपील नाही. वस्तादांनी हा नियम थेट घरापर्यंत नेला. ते कुशीवर झोपत. न्हाव्याने खुर्ची मागे कलवली की उठून उभे राहत. ईसीजीची वेळ आली तेव्हा तोही त्यांनी बसून काढून घेतला, आणि डॉक्टरांनी त्यांच्या दंडांकडे बघून फार आग्रह धरला नाही.

पुढे शेजारी सात मजली संकुल उभं राहिलं. रहिवाशांना गाड्या लावायला जागा पुरेना, तेव्हा त्यांना तालमीतल्या मुलांच्या आरोग्याची काळजी वाटू लागली. अर्ज गेले, बैठका झाल्या आणि ठराव झाला: शेडमध्ये मान्यताप्राप्त क्रीडाप्रकार व प्रमाणित प्रशिक्षक आढळल्यास शेड क्रीडेसाठी राहील, अन्यथा वाहनतळ. सोबत अकरा अटींचा कागद. वस्तादांनी पहिल्या तीन वाचल्या, चौथीला चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं, मग त्यांनी ठसठशीत अक्षरात सही केली. (हसू नका. तुम्हीही उरलेल्या वाचल्या नसत्या.)

चौकशीअंती कळलं की कुस्तीला मान्यता आहे, पण गादीवरच्या. मातीवरची कुस्ती ‘पारंपरिक उपक्रम’ या रकान्यात, लेझीम आणि पाककला स्पर्धेच्या मधोमध होती.

मात्र माणसाने माणसाला आपटण्याचे मान्यताप्राप्त प्रकार त्या साली तालुक्यात नऊ होते: जाकीट घालून आपटणे, पट्ट्याला धरून आपटणे, नुसत्या चड्डीवर आपटणे, आपटल्यावर पाय पिरगाळणे वगैरे. संघटना नऊ, अध्यक्ष दोन. तालमीतला आनंदा एकच धोबीपछाड यातल्या चार प्रकारांत मारून चार सुवर्णपदकं घेऊन आला होता. चारही ठिकाणी डावाचं नाव वेगळं होतं. पडणारा मात्र चारही वेळा रोह्याचा जगन होता, त्यामुळे त्यालाही चार रौप्यपदकं मिळाली (स्पर्धक दोनच होते).

मदतीला धावला पनवेलचा यासीन. सहा वर्षं अबुधाबीला एसीच्या कामावर होता. तिकडून लोक खजूर आणि टीव्ही आणतात, याने जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर झोंबायच्या परदेशी कुस्तीचा, निळा पट्टा आणला आणि पुढे त्या नऊपैकी एका संघटनेकडून कोर्स घ्यायची परवानगीही मिळवली. त्याचे आजोबा दाऊद याच मातीत कुस्ती घुमले होते, त्यामुळे शेड जाणार म्हटल्यावर तो थेट तालमीत आला.

“वस्ताद, आमचा कोच-कोर्स करा. दोन महिने फक्त. इन्शाल्लाह, शेड कुठे जात नाही.”

पहिल्याच धड्याला वस्तादांनी कलाजंग डावावर यासीनला उचलून मॅटवर उताणा ठेवला. नऊ सेकंद. मग ते उठले, मारुतीला हात जोडले, फेटा बांधला आणि रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या पैलवानाची फेरी घालायला निघाले. आनंदाने नारळ हातात दिला. फेरी अर्धी झाली तोच खालून आवाज आला.

“वस्ताद, या ना परत. मी तयार आहे.”

“कशाला तयार? पाठ लागली ना तुजी!”

“लागली. आमच्यात इथूनच सुरू होतं.”

वस्तादांनी नारळ खाली ठेवला. यासीनने झोपल्या झोपल्या समजावलं की पाठीवर पडणं ही हार नसून एक पोझिशन आहे, तिथून पायांनी गळा आवळता येतो, आणि सामना सोडून फेरी मारायला गेल्यामुळे वस्ताद आत्ता बाद झालेले आहेत.

“पडल्याला जितवतात? मंग उभा कोन राहेल?” वस्तादांनी विचारलं. अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं.

बाकी सगळं वस्ताद आठवड्यात शिकले. निम्मे डाव त्यांच्याच तालमीतले होते, फक्त परदेशात राहून आलेले. घोडं अडलं प्रात्यक्षिक क्रमांक चारवर: ‘उमेदवाराने पाच मिनिटे पाठीवर राहून बचाव करणे. गुण चाळीस. अनुत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र नाही.’ वस्तादांनी ते रोज उद्यावर ढकललं. जेवण कमी झालं. शेवटी ठमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विषय हातात घेतला.

“लगीन झाल्यापासून तुमी कुशीवर निजताव. मी तुमचा तोंड बगितलाच नाय, पाठच बगितली. आता ती टेकलेली जगानं बगू नये म्हनून अडून बसलाव?”

“छत्तीस वरसं राखली गो.”

“राखली ना? मंग आता खर्चा. शेड गेली तं पोरा कुठं जातील?”

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी परीक्षेचा फॉर्म भरला.

परीक्षा रविवारी, १६ नोव्हेंबरला शाळेच्या हॉलमध्ये झाली. अख्खं गाव लोटलं. वस्तादांनी रात्रभर विचार करून स्वतःपुरता एक निर्णय काढला होता: नियमात ‘मातीला पाठ’ असं आहे, मॅट रबराची आहे, सबब रबराला लागलेली पाठ ही लागलेली धरता येणार नाही. निर्णय कायदेशीरदृष्ट्या पक्का होता. शिट्टी वाजली. वस्ताद आधी बसले, मग एका कोपरावर आले, मग दुसऱ्या, म्हैस बसते तसे टप्प्याटप्प्याने. अकरा वाजून वीस मिनिटांनी पाठ टेकली.

त्यांच्याबरोबर उभी हयात लढलेले म्हातारे बुधाजी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागले. यासीन वरून झोंबत होता, पण त्याचेही हात हलके पडले होते. वस्तादांना फार वाईट वाटलं. रबराचा निर्णय काही कामाला आला नाही. उताणं पडून डोळे भरले तर पाणी कानात जातं, हे त्यांना छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

पाच मिनिटं झाली. चाळीसपैकी चाळीस. परीक्षकांनी शेरा लिहिला: ‘नैसर्गिक गुणवत्ता. याआधी कुणी हेरली कशी नाही?’

गावाने वस्तादांना खांद्यावर घेतलं. शेड वाचली. सोमवारी सकाळी शेडपुढे ट्रॅक्टर उभा राहिला. अट क्रमांक नऊ: प्रशिक्षणाचा पृष्ठभाग धूळमुक्त असावा, सुटी माती संस्थेने त्वरित हलवावी, अन्यथा मान्यता रद्द. खाली वस्तादांची ठसठशीत सही. पंचेचाळीस वर्षांची माती चार खेपांत गेली. संकुलाच्या बागेत तिची उत्तम सोय झाली, आणि ताक-हळदीमुळे तिथली जास्वंद तालुक्यात पहिली आली (तिलाही प्रमाणपत्र आहे).

आता शेडमध्ये रबर आहे, भिंतीला आरसे आहेत, बाहेर ‘ग्रॅपलिंग अकादमी’ अशी पाटी आहे. संकुलातले चाळीस रहिवासी संध्याकाळी पाठीवर पडायला शिकतात. वस्ताद प्रामाणिकपणे सांगतात की इतकी उपजत तयारी त्यांनी मातीत कधी पाहिली नव्हती. मंडळी शिट्टीचीही वाट बघत नाहीत. गाड्या अर्थात रस्त्यावर लागतात.

वस्ताद त्या दिवसाबद्दल काही लपवत नाहीत. कुणी विचारलं तर रविवार, सोळा नोव्हेंबर, अकरा वीस, असं सांगून मोकळे होतात. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये त्यांनी हट्टाने एक रकाना घालून घेतलाय: ‘तुमची पाठ कधी लागली? तारीख व वेळ.’ आजवर चाळीसपैकी एकालाही तो भरता आलेला नाही. कुणी म्हणतं आठवत नाही, कुणी म्हणतं लागलेलीच नाही, आणि हे सगळे उताणे पडून सांगतात.

एक कोरा फॉर्म शिल्लक आहे. तुम्ही आत्ता ज्या स्थितीत वाचताय, त्याच स्थितीत भरलात तरी चालेल.