आबांचा डावा हात

आबांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक केस नव्हता. उजवा हात मात्र अस्वलाचा. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझी बदली मलकापूरच्या शाळेत झाली, तेव्हा शेजारच्या या म्हाताऱ्याला कसला तरी आजार असावा असं मला वाटलं. मग माझ्या बायकोनं, सुमननं, विळी लागत नाही म्हणून त्यांना बोलावलं आणि उलगडा झाला. धार लावून झाली की आबा पात्यावरून डावा हात हलकेच फिरवायचे. केस साफ उतरले तर धार पास. गल्लीत विळ्या-कोयते इतके, की बिचाऱ्या केसांना उगवायला सवडच मिळत नसे.

आबा फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगाही फौजेतच, पार आसामकडे. जगाकडे बघायची त्यांची कसोटी एकच, "बेस लेव्हल पायजे." खाट डुगडुगली तरी हेच आणि भात करपला तरी हेच. सरपंचांबद्दल विचारलं तर म्हणाले, "गडी चांगला हाय, पर बेस लेव्हल न्हाई."

धार ते लगेच लावत नसत. आधी दगड सपाट व्हायला हवा. घासून घासून धारेच्या दगडाला मध्ये खळगा पडतो, आणि हा खळगा आबांचा जन्माचा वैरी होता. ते आमच्या दारातल्या फरशीवर वाळू पसरायचे, पाणी शिंपडायचे आणि दगड पालथा घालून घासत बसायचे. मध्येच त्यावर पोलादी पट्टी उभी धरून, एक डोळा मिटून उन्हाकडे बघायचे. पट्टीखालून उजेड दिसला की पुन्हा वाळू. तोवर दोन चहा, एक पोह्यांची बशी आणि गल्लीतल्या सगळ्या घरांची खबरबात होऊन जायची. विळी हातात घेईपर्यंत दुपार होई.

अशात कुणीतरी त्यांना सांगितलं की सांगलीत हिऱ्याची पाटी मिळते. वीतभर पोलादी पाटी, तिच्या अंगावर हिऱ्याचा चुरा बसवलेला. तिच्यावर दगड चार वेळा फिरवला की सपाट. आबांची झोप उडाली. सोबतीला मला घेतलं.

सांगलीच्या दुकानात त्यांनी पिशवीतून आपली पट्टी काढली आणि पहिलीच पाटी नापास केली. दुकानदार चिडला. "आवं आबा, हिरं हायती त्यात. वाकडं कसं असंल?"

"हिऱ्याचं मला सांगू नगा. बेस लेव्हल पायजे."

चौथी पाटी पास झाली. परतीच्या एसटीत ती पोटाशी धरून आबा असे बसले की शेजारच्या बाईंना राहवेना. त्यांनी पिशवीत काय आहे ते विचारलं.

"हिरं," आबा म्हणाले.

बाई जवळ सरकून बसल्या. "लेकीच्या लग्नाला व्हय?"

"न्हाई. दगडाला."

बाई उठून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

पाटीनं कमाल केली. दगड चहा उकळायच्या आत सपाट व्हायचा, विळी तो गाळायच्या आत तयार. आणि धार अशी, की महिने न् महिने हात लावायला नको. गल्लीत आबांचा जयजयकार झाला आणि मग त्यांना कुणी बोलावेना.

एकदा ते आमच्या दारात उगाच घुटमळले. "सूनबाई, विळी लागतीया न्हवं?"

"लोण्यासारखी, आबा," सुमन कौतुकानं म्हणाली.

"मंग ब्येस," म्हणाले आणि निघून गेले.

पुढे एका सकाळी ते नळावर कळशी भरताना दिसले. सुमन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्यांचा डावा हात बघा." हातावर पांढरे केस उगवले होते, चांगले दाट. मला फार वाईट वाटलं. एवढ्या सपाट दगडाचं त्या माणसानं करायचं काय?

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून खर्र खर्र आवाज आला. बघतो तर सुमन विळीचं पातं वाटणाच्या पाट्याच्या कडेवर घासते आहे.

"अगं, काय करतेस?"

"गप्प बसा आणि आबांना हाक मारा. म्हणावं, विळी अजिबात लागत नाही."

आबा जवळजवळ धावतच आले. उंबऱ्याशी बसले, पात्यावरून अंगठा फिरवला आणि थबकले. विळीकडे पाहिलं, मग पाट्याकडे. पाट्याच्या कडेला ताजी काळी रेघ होती. सुमनला एकदम चहाची आठवण झाली.

"सूनबाई," आबा तिच्या पाठीकडे बघत म्हणाले, "फुडच्या बारीला फरशीवर घासा. पाट्यावर पातं लय बाद हुतंय."

सुमननं आधणात आणखी एक कप पाणी घातलं.

आबांनी पिशवीतून दगड काढला. त्यामागून हिऱ्याची पाटी अर्धी बाहेर आली, ती त्यांनी आत ढकलली आणि पिशवी मांडीखाली घेतली.

"मास्तर," ते म्हणाले, "वाईच वाळू आणा की."