गंगाबाईच्या न्हाणीतला वीरगळ

हबीबमुन्शी कुणाच्याही दारात आले की आधी उंबऱ्यापाशी उकिडवे बसत. घरधनी "या, या" म्हणतोय आणि हे फीत काढून उंबरा मोजताहेत. मग चष्मा कपाळावर चढवून विचारत, "उमर किती?" आमच्या पाटलांना वाटलं, आपलीच विचारून राहिले. ते म्हणाले, "बावन्न." मुन्शी हिरमुसले. "सिर्फ बावन्न? मग नको."

हैदराबादेत जुन्या इमारतींचं एक खातं होतं. त्यानं मुन्शींना बाळापूरच्या बाजूला धाडलं होतं ते फेहरिस्त, म्हणजे यादी, करायला. कुठं कोणतं देऊळ, कोणती मशीद, कोणती बारव, कोणत्या दगडावर काय कोरलंय, ते लिहायचं आणि सांभाळायचं. माणूस काडीसारखा. शेरवानीची बटणं कायम एका घरानं चुकलेली. राहायचे मी मास्तर होतो त्या शाळेशेजारच्या खोलीत, एकटेच. बारवेच्या पायऱ्यांवर शेळी चढली तर तिलाही अदबीनं सांगत, "तशरीफ आणा खाली. ही इमारत सरकारी आहे."

एकदा ते मला घेऊन गंगाबाईच्या घरी गेले. गंगाबाई सत्तरीची विधवा. लेक वसमतला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही, आणि जिभेला सारा गाव भिऊन असे. तिच्या न्हाणीतल्या धुण्याच्या दगडाच्या खालच्या अंगाला मुन्शींना एक कोरीव खूर दिसला. ते शेरवानीसकट साबणाच्या पाण्यात पालथे पडले. "घोडा! खाली घोडा आहे!"

गंगाबाईनं मला हाक मारली, "गुरुजी, ह्याला आधी भाईर काढा. माझ्या न्हाणीत घोडं हुडकून राहिला!"

तो धुण्याचा दगडच वीरगळ निघाला. लढाईत पडलेल्या कुण्या वीराची आठवण म्हणून कोरलेला दगड, पालथा घालून ठेवलेला.

"बाई, वीराच्या पाठीवर तुम्ही लुगडी आपटता!" मुन्शी कळवळले.

"मंग? मेल्यावर बी कुनाच्या कामी पडला, तर काय बिघडलं? माझ्या सासूनं धुतली यावर. तवा तुमचं खातं कुठं व्हतं?"

मुन्शींनी हैदराबादेला अर्जी केली. दगड जप्त करायचा हुकूम येईपर्यंत गंगाबाईला राजी करायचं ठरवलं. रोज चार वाजता ते तिच्या दारात हजर. तिला बदली दगड म्हणून कळमनुरीहून बैलगाडीत घालून एक गुळगुळीत शिळा आणली. गंगाबाईनं ती अंगणात टाकून घेतली आणि म्हणाली, "बसा यावर." तेव्हापासून मुन्शी त्या शिळेवर बसून कायदा सांगत. ती डाळ निवडता निवडता कायद्याची सालं काढी. मधे गुळाचा चहा होई. चहा संपला की पुन्हा, "देता का?" "न्हाई."

वर्ष उलटलं. आम्ही शाळेतली मंडळी पैजा लावून थकलो.

मग मुन्शींना हिवताप आला. चौथ्या दिवशी मी तापावरच्या कोयनेलच्या पुडीसाठी त्यांच्या शेरवानीचा खिसा चाचपला, तर हाती आला एक सरकारी कागद. घड्यांवर विरलेला. उर्दू मला शाळेपुरती येत होती, तेवढ्यावर वाचला. सदर दगड खात्याला दरकार नाही, जागीच राहू द्यावा, यादीत नोंद पुरे. हुकूम येऊन आठ महिने झाले होते.

"मुन्शीजी, हे काय?"

त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "ठेवा तो, मास्तर. तो दाखवला तर मी कोणत्या कामानं जाऊ तिच्या घरी?" मग म्हणाले, "या मुलकात मला भांडायला दुसरं घर नाही."

तेवढ्यात दारात पदर सावरत गंगाबाई उभी. हातात आंबिलीची वाटी.

"काहून हो मुन्शी? चार दिस झाले. दगड न्यायचा हाय का न्हाई?"

मुन्शी धडपडत उठून बसले. "नेणार! बराबर नेणार!"

"न्या तर. बघतेच मी कसा नेता," ती म्हणाली, आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

मी कागदाची घडी घातली आणि माझ्याच खिशात टाकली.