नेर्लेकरांच्या बागेचं चौथं स्थळ

मिरजेच्या दत्तप्रसाद कॉलनीत घरटं बांधण्याआधी पक्षी रीतसर बाग बघायला येतात. दिवस रविवार, वेळ दुपारी चारची, आणि मध्यस्थ कावळा. बाग म्हणजे मुलीकडची बाजू, पक्षी म्हणजे मुलाकडची. सोयरीक जुळल्यावर राहायचं मात्र मुलीकडेच. त्यामुळे सगळीच स्थळं घरजावयांची, आणि घरजावई चौकशी जरा जास्तच करतो.

अच्युतराव नेर्लेकरांच्या बागेला तीन नकार आले होते.

अच्युतराव पाटबंधारे खात्याच्या भांडारातून निवृत्त झालेले. आयुष्यभर नटबोल्टांना डब्यात आणि डब्यांना रांगेत ठेवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मागच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटच्या लाद्या बसवून घेतल्या. वर्षानुवर्षं राहणारे पक्षी त्याच आठवड्यात कावळ्याच्या हाती रीतसर निरोप देऊन निघून गेले.

पक्षी गेले त्याचं अच्युतरावांना काही वाटलं नाही. पण त्यांच्यामागोमाग बायकोचं, इंदुताईंचं बोलणंही गेलं. इंदुताई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप घेऊन पक्ष्यांशी बोलत. गुडघा, नणंद, गॅसचा भाव, सगळं. त्यातलं जे उरायचं ते अच्युतरावांच्या वाट्याला यायचं, आणि एवढी वर्षं त्यांचं त्यावर उत्तम चाललं होतं. आता दिवसभरात 'जेवायला या' आणि 'दार लावा' एवढंच. इंदुताई रागावलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. घर खायला उठायचं, आणि अच्युतरावांना त्या शांततेची खरोखर भीती वाटायला लागली होती. म्हणून त्यांनी स्वतः जाऊन कावळ्याकडे बागेचं नाव नोंदवलं.

पहिल्यांदा शिंपी पक्षी आला आणि शिवता येईल असं रुंद पान दिसेना म्हणून गेला. मुनियांनी बी धरलेलं गवत विचारलं, ते नव्हतं. सूर्यपक्ष्याचं तर बघायलाच नको. पाकळी गळू नये म्हणून अच्युतरावांनी तारेवर प्लास्टिकची जास्वंद लावली होती. त्याने तिच्यात चोच घातली, काढली आणि नमस्कारही न करता उडून गेला.

चौथं स्थळ बुलबुलांचं होतं. माघातला रविवार. अच्युतरावांनी सकाळीच अंगण धुऊन काढलं, कोपऱ्यातल्या लिंबावर औषध फवारलं, बादली काठोकाठ भरून ठेवली आणि स्टीलच्या बशांत कांदेपोहे, चिवडा, बिस्किटं मांडली. चारला बुलबुल आले: जोडपं, जोडप्याची आत्या आणि अशा बैठकीला नेहमी असतात तसे एक न बोलणारे काका.

"घ्या ना," अच्युतराव म्हणाले. "लाजू नका. आपलंच घर समजा."

"आम्हाला हे बाधतं," आत्याबाई म्हणाल्या.

"असं कसं? घासभर तरी. पहिल्यांदाच आलाय."

आत्याबाईंनी बादलीच्या काठावर बसून आत वाकून पाहिलं. "पाणी खोल आहे."

"भरपूर! आमच्याकडे पाण्याची टंचाई नाही."

"पोरं बुडतील," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या आणि लिंबाकडे वळल्या. "अळ्या आहेत?"

हा प्रश्न येणार म्हणून अच्युतराव सकाळपासून वाट पाहत होते. त्यांनी छाती पुढे काढली. "एक नाही! शोधून दाखवा."

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. काका लादीकडे पाहत राहिले.

"आणि पाला?"

"पडला की लगेच उचलतो. पान खाली टेकू देत नाही मी."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "आता आम्हाला बागेशी जरा एकांतात बोलायचंय."

रीतीप्रमाणे अच्युतरावांनी आत जायला हवं होतं. ते गेले नाहीत. बागेच्या वतीने मीच सांगतो म्हणाले, आणि लादीचा दर्जा, जाडी, चौरस फूट सगळं सांगितलं. पाहुण्यांनी ऐकून घेतलं.

"कळवतो," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळे उडाले.

'कळवतो'चा अर्थ मिरजेत शेंबड्या पोरालाही कळतो. अच्युतराव पायरीवर मटकन बसले. चारही बशा कावळ्याने संपवल्या, कारण मध्यस्थाने नाही म्हणायचं नसतं.

"नेर्लेकर," कावळा चोच पुसत म्हणाला, "राग मानू नगा. पावण्यानं इचारलं, घरात दाणा हाय का? तुमी छाती काढून सांगितलं, एक न्हाई. पावण्यानं इचारलं, अंथरूण? तुमी म्हनला, रोजच्या रोज उचलतो. अशा घरात कोन पोरगा दील?"

"पण मी बशा ठेवल्या होत्या की!"

"बशी एक दिसाची, आवो. संसार अळीवर हुतो."

"मग आता परत बोलवा त्यांना."

"नकार दिलेली मुलगी त्याच मोसमात परत बघत न्हाईत. नेम हाय." कावळ्याने मान वाकडी करून जरा विचार केला. "मुलगीच बदलली, तर नवं स्थळ धरत्यात. पन जेष्ठ लागायच्या आत. मग पुढच्या साली."

आणखी एक वर्ष 'दार लावा' ऐकायची अच्युतरावांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लादी उचकटायला बसले. खुरप्याने लादी हलेना. मागे पावलं वाजली. इंदुताईंनी न बोलता पहार आणून भिंतीला टेकवली आणि आत गेल्या. अच्युतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी धुळीवर ढकललं.

महिनाभर कॉलनीला करमणूक झाली. लोक घंटागाडीत कचरा टाकायचे. अच्युतराव गाडी थांबवून त्यातून वाळल्या पाल्याची पोती उतरवून घ्यायचे. जोशी वकिलांच्या कुंडीतलं तण त्यांनी मागून आणलं. फवारणीचा पंप देऊन टाकला. खरी जास्वंद लावली, अडुळसा लावला, कढीपत्ता छाटायचा सोडून दिला. बादलीच्या जागी मातीचं उथळ परळ आलं. पानं पडली की हात शिवशिवायचे; मग ते दोन्ही हात खिशात घालून अंगणात उभे राहायचे. चैत्रात लिंबाच्या पानांना भोकं पडली. त्या दिवशी अच्युतरावांनी पेढे वाटले.

वैशाखातल्या शेवटच्या रविवारी तेच बुलबुल नव्याने बाग बघायला आले. जुनी ओळख कुणी दाखवली नाही. कारण मुलगी वेगळी होती.

बशा नव्हत्या. आत्याबाईंनी परळात पाय बुडवून पाहिले. जोडपं कढीपत्त्याच्या दाटीत शिरलं. काकांनी लिंबावरची एक अळी उचलली, खाल्ली आणि म्हणाले, "छान."

त्यांचा आवाज जोडप्यानेही पहिल्यांदाच ऐकला असावा. दोघं वळून बघायला लागली.

"एकांतात बोलायचं असेल ना?" अच्युतरावांनी स्वतःच विचारलं, आणि आत जाऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले. पाऊण तास. कुणाला कशाचीच माहिती न देता एवढा वेळ त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता.

मग कावळ्याने हाक मारली. पसंती होती. मग सगळे अटींची यादी करायला बसले. झाडू कुंपणाबाहेर राहील. औषध कधीही फवारायचं नाही. मांजर येता कामा नये. अच्युतराव प्रत्येक अटीला मान हलवत गेले. शेवटची अट आत्याबाईंनी खिडकीकडे पाहत सांगितली.

"सकाळी बाईंचं बोलणं आधी आमच्याशी होईल. उरेल ते तुमचं."

"मान्य," अच्युतराव म्हणाले, इतक्या घाईने की काकांनी दचकून पंख उघडले.

कावळ्याने सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्त्यात काड्यांची ने-आण सुरू झाली होती. इंदुताई चहाचा कप घेऊन खिडकीत बसल्या. गुडघ्यापासून सुरुवात झाली. मग नणंद झाली, गॅस झाला, आणि मग हा माणूस घंटागाडीमागे कसा पळायचा तेही झालं, आणि त्यावर खिडकीत आणि कढीपत्त्यात बराच वेळ हसणं चाललं. अच्युतराव मागे खुर्चीवर हात मांडीवर ठेवून थांबले होते. त्यांची पाळी यायची होती.

शेवटी इंदुताईंनी कप खाली ठेवला आणि वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या कॉलरवर अळी आहे."

अच्युतरावांनी ती दोन बोटांनी अलगद उचलली आणि चपला घालून लिंबावर परत ठेवायला गेले.