तुरगनबायचा पक्का रविवार

इंग्रजीच्या वर्गात तुरगनबायने उभं राहून जे वाक्य म्हटलं, त्यात चूक एकही नव्हती. सगळा घोळ तिथेच झाला.

कोचकोरजवळच्या त्या गावात परदेशी पाहुण्यांना घरी उतरवून घेणाऱ्या आठ जणांना झुराकान एजे, म्हणजे झुराकानताई, दर मंगळवारी दुपारी इंग्रजी शिकवत. त्या दिवशीचा धडा पुढच्या बेतांचा होता. नुसता अंदाज असेल तर क्रियापदाचं एक रूप, मनात आणलं असेल तर दुसरं, आणि दिवस ठरून निरोप गेले असतील तर तिसरं. तिसऱ्याला कोणी हात लावेना. गावात पुढचं काहीही बोलायचं तर आधी 'कुदाय बुयुरसा' म्हणायचं, म्हणजे देवाच्या मनात असेल तर. गायीची धार काढायला निघालेला माणूससुद्धा ते म्हणून निघायचा.

"तुरगनबाय आके, रविवारी काय करताय?"

"कुदाय बुयुरसा, एजे..."

"ते नको! पाहुण्याने विचारलं, जेवण कधी, तर देवाचं मन कळेपर्यंत तो उपाशी बसणार का? ठरलेलं सांगा. खणखणीत."

तुरगनबायला घाम फुटला. त्याला जे चार शब्द येत होते, ते त्याने ओळीने लावले: रविवारी एक वाजता मी मेंढा कापतोय, पाहुणे येतायत.

"शाब्बास!" एजे म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची साकिन गावात किराणा दुकान चालवायची. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की साठीच्या तुरगनबायने आयुष्यात पहिल्यांदा देवाला मध्ये न घालता शब्द दिलाय.

"अहो, कुठला मेंढा?" त्याच्या बायकोने, बुरुलचाने विचारलं.

घरात मेंढा एकच होता. त्यांचा मुलगा मिर्लान आणि कालमुरातची मुलगी नाझिरा यांचं दोन वर्षांपासून जमलं होतं. होणाऱ्या सुनेला डूल घालून सोयरीक पक्की करायच्या जेवणासाठी तो मेंढा राखून ठेवला होता.

"अगं, ते नुसतं उदाहरण होतं."

"मग सांगा ना जाऊन!"

तो दुकानात गेला. साकिन म्हणाली, "आके, वेळसुद्धा सांगितलीत की! आता कशाला लाजता? आमच्याकडून चौघं येतोय."

तो एजेंकडे गेला. "मी समजावते सगळ्यांना," त्या म्हणाल्या, "पण माझ्या सासूबाईंनी तुमच्याकडे पाठवायला कणकेचे बोर्सोक तळायला घेतलेत. पहिला घाणा निघालाय."

शनिवारी गावातल्या पांढऱ्या दाढ्यांनी कोण कुठे बसणार तेही ठरवून टाकलं. बोललेलं जेवण मागे घेणारा माणूस त्या गावात अजून निपजला नव्हता, आणि पहिला मान घ्यायची तुरगनबायची तयारी नव्हती.

रविवारी मेंढा कापला. बुरुलचा मोठ्याने रडली. "आता बसा आणखी दोन वर्षं! पोरगी कुणी दुसरा घेऊन जाईल."

एक वाजता कालमुरातही आला. होणारा व्याही, म्हणून रिवाजाप्रमाणे मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे आलं. त्याने सुरी उचलली आणि खाली ठेवली.

"तुरगनबाय, दोन वर्षं तू म्हणतोयस, कुदाय बुयुरसा, थंडीआधी डूल घेऊन येतो. मला वाटलं, तुझ्याच मनात नाही, उगाच देवावर ढकलतोयस."

तुरगनबायने मान खाली घातली.

"पण मंगळवारी बोललास आणि रविवारी करून दाखवलंस. मेंढा कापलास, गाव बसवलंस, डोकं मला दिलंस. आता राहिलं काय?"

बुरुलचाने कानातले चांदीचे डूल काढले, रुमालात बांधले आणि त्याच्यापुढे ठेवले. "हे राहिलं होतं, व्याही."

तुरगनबायने तोंड उघडलं. "कुदाय..."

"तुम्ही गप्प बसा हो!"

चहा ओतणाऱ्या मिर्लानने भरलेल्या पेल्यात आणखी ओतला. कालमुरातने रुमाल खिशात घातला आणि दोन्ही तळहात ओंजळीसारखे वर करून आशीर्वाद म्हटला. तुरगनबायचे डोळे भरून आले. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

पुढच्या मंगळवारी वर्गात नवव्या विद्यार्थिनीची भर पडली. बुरुलचा नवी वही घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. एजेंनी विचारलं, "येत्या रविवारी कोण काय करतंय?" आठही जण घाईघाईने जमिनीकडे बघू लागले.

बुरुलचा उभी राहिली. लागणारे शब्द तिने सोमवारी चुलीपाशी एकेक करून नवऱ्यालाच विचारून घेतले होते.

"रविवारी सकाळी आठ वाजता," ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "माझा नवरा सहा वर्षं गळणारं छप्पर दुरुस्त करतोय."